ऐनाच्या काढ्यातलं पांघरूण

आमच्या घरात पुरुष विणत आणि बायका विकत. हे सांगितलं की माझ्या सुना हसतात, कारण विणकाम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे चष्मा लावून खुर्चीत बसलेली बाई येते. माझ्या डोळ्यांपुढे माझे बाबा येतात. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातल्या आमच्या पडवीत एक पाय लांब करून बसलेले, त्या पायाच्या अंगठ्याला जाळ्याची दोरी अडकवलेली, तोंडात विझलेली विडी आणि हातातली बांबूची सुई सारखी खाली-वर होत असलेली. त्यांच्या दुसऱ्या पायावर तरुणपणी होडीचा नांगर पडला होता. तेव्हापासून त्यांचं दर्यावर जाणं सुटलं आणि ते वाड्यातल्या सगळ्यांची जाळी विणून, सांधून, रंगवून देऊ लागले. सुई ओढली जाताना सुर्र असा आवाज येई आणि गाठ बसताना टक्. दिवसभर घरात हे सुर्र-टक् चाललेलं असे. एखाद्या दिवशी ते थांबलं तर आम्हा पोरांना चुकल्याचुकल्यासारखं वाटे आणि आम्ही पडवीत जाऊन बघून येत असू, की बाबा आहेत ना जागेवर.

विकायचं काम आईचं. सकाळी होड्या लागल्या की ती किनाऱ्यावर जाई, मासळी निवडून घेई, टोपली डोक्यावर चढवी आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून चौलपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे चालत जाई. तिचा आवाज असा होता की ती वाडीच्या ह्या टोकाला 'बोंबील, ताजं बोंबील' म्हणाली की त्या टोकाच्या घरातली मांजरं दारात येऊन बसत. उन्हं डोक्यावर आली की ती परत येई, टोपली उतरवी, दोन्ही हातांनी मान दाबत घटकाभर भिंतीला टेकून बसे, आणि मग उठून चूल पेटवी. तिच्या हातची तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलांचं कालवण मी अजून विसरलेले नाही. कालवणात चिंच सढळ हाताने, तिखट त्याहून सढळ हाताने. जेवताना आमच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं आणि आई म्हणायची, "रडा रडा, पन जेवा." आता डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय. डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान आहेत, म्हणून मी त्यांचं निम्मंच ऐकते.

मी घरातली थोरली. माझ्या पाठची दोन भावंडं रांगत होती तेव्हा मी बाबांच्या शेजारी बसून जाळ्याच्या गाठी मारायला शिकले. हे पुरुषांचं काम. मुलीने ते करणं म्हणजे वाड्यातल्या बायकांना आयती करमणूक झाली. पाण्याला जाता-येता त्या आईला हाक मारून म्हणत, "अगो काशे, तुझी पोर बापयाचं काम करते! उंद्या होरी पन वलवील!" आमच्या बोलीत ड चा र होतो, होरी म्हणजे होडी. आई म्हणे, "वलवू दे. तुझे नवऱ्यापरीस बरी वलवील." मग दोन्हीकडून हसणं. बाबा मान वर करत नसत, पण त्यांच्या मिशा हलत.

एस्तरबाई आमच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका. त्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. गावात त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण तेलाचा घाणा हा त्यांचा जुना धंदा, शनिवारी ते कामाला हात लावत नसत आणि त्यांच्या घरात चूल पेटत नसे. बाईंचे यजमान वारले होते, एकुलती लेक सारा लग्न होऊन मुंबईला गेली होती, आणि बाईंच्या मोठ्या घरात बाई आणि घड्याळ अशी दोघंच राहत. बाईंना फक्त खवल्यांचे मासे चालत. कोळंबी, चिंबोरी त्यांना वर्ज्य. त्यामुळे चांगली बोय किंवा रावस मिळाला की आई तो पानाखाली झाकून बाईंसाठी वेगळा ठेवी. शनिवारचा दिवस हातावर हात ठेवून काढल्यामुळे की काय, रविवारी बाईंच्या हातांना फार हुरूप असे. दर रविवारी दुपारी त्या शाळेतल्या सात मुलींना आपल्या ओटीवर बोलवत आणि दोन सुयांवरचं विणकाम शिकवत. शेवटी प्रत्येकीला नारळाच्या दुधातल्या गुलाबी हलव्याची एकेक वडी मिळे. खरं सांगते, मी पहिल्यांदा गेले ती त्या वडीसाठी.

विणायच्या सुया माझ्याकडे नव्हत्या. बाबांनी मोडक्या छत्रीच्या दोन काड्या काढल्या, त्यांची टोकं दगडावर घासली आणि मागच्या बाजूला लाकडाचे मणी बसवून दिले. बाई शिकवत ती जाळीची वीण होती. बारीक पांढऱ्या सुताचा चौकोन, मधे पान आणि भोवती जाळी. दोरा पुढे घ्यायचा, दोन टाके एकत्र विणायचे, म्हणजे तिथे भोक पडतं. बाकीच्या मुली भोक पडलं की घाबरत, टाका सुटला असं त्यांना वाटे. मला भोकांची भीती वाटायचं कारणच नव्हतं. आमच्या घरात भोकांचाच उद्योग होता. पहिल्याच रविवारी माझा चौकोन पुरा झाला, आणि बाईंनी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

अर्थात आमच्या घराचा आणखीही एक गुण माझ्या चौकोनात उतरला होता. तो कुमुदने सर्वांच्या आधी ओळखला. कुमुद मोठ्या वाडीवाल्यांची मुलगी, केसांत रोज ताजा अबोलीचा गजरा. तिने नाक मुरडून सांगितलं, "बाई, हिरूच्या चौकोनाला सुकटीचा वास येतो." माझे कान तापले. बाईंनी चौकोन नाकाला लावला आणि म्हणाल्या, "येतो खरा. आणि तुझ्या चौकोनाला खोबरेल तेलाचा येतो. दोन्ही धुतल्यावर जातील. तुझे सुटलेले टाके मात्र धुऊन भरून येणार नाहीत, ते आधी उसव." पुढे ह्याच कुमुदशी माझी इतकी गट्टी जमली की तिच्या वाटणीचे दोन चौकोन मी विणले आणि तिने माझं गणित सोडवलं.

हे चौकोन कशासाठी, तर बाईंची सारा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. त्या बाळासाठी पांघरूण. लांबीला नऊ, रुंदीला सात, असे त्रेसष्ट चौकोन, आणि रंग पांढराशुभ्र. सात मुलींचे हात म्हणजे सात तऱ्हा. माझे चौकोन घट्ट आणि लहान, कुमुदचे एवढे सैल की तिच्या एकात माझे दीड बसावेत. जोडायला बसलो तर कडा जुळेनात. एका बाजूला चुण्या पडत, दुसऱ्या बाजूला फुगे येत. बाईंनी तीनदा जोडून तीनदा उसवलं. मी म्हटलं, बाई, मी बघू का? बारीक डोळ्यांच्या, म्हणजे बारीक भोकांच्या, जाळ्याला मोठ्या डोळ्यांचं जाळं सांधायचं असतं तेव्हा बाबा दर तीन-चार गाठींनी बारकातले दोन डोळे धरून मोठ्यातल्या एका डोळ्याला बांधतात. म्हणजे ताण सगळीकडे सारखा वाटला जातो आणि जाळं सपाट पडतं. मी तसंच केलं. माझा आणि कुमुदचा चौकोन एकमेकांशेजारी गुण्यागोविंदाने बसले. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि त्या दिवशी मला हलव्याच्या दोन वड्या दिल्या. तेव्हापासून सांधायचं काम माझ्याकडे आलं.

त्याच उन्हाळ्यात माझी चौथी झाली. आमच्या वाड्यातली एकही मुलगी चौथीच्या पुढे गेलेली नव्हती, चौथीपर्यंत पोचलेल्याही दोनच. आईने निकाल ऐकला, माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, "झाली चवथी. आता नाव लिवता येतं, हिशेब येतो. टोपलीला लाग." माझ्यासाठी लहान टोपली तिने विणून घेतलीही होती, ती खुंटीला लटकत होती. मला पुढे शिकायचं होतं. कशासाठी ते धड सांगता आलं नसतं, पण पाचवीच्या पुस्तकात जगाचा नकाशा असतो असं मी ऐकलं होतं आणि तो मला बघायचा होता. मी दोन दिवस जेवले नाही. आईने तिसऱ्या दिवशी चिंबोऱ्यांचं कालवण केलं. तिथे माझा निर्धार संपला.

मग एस्तरबाई स्वतः आमच्या घरी आल्या. कोळीवाड्यात त्या कधी आल्या नव्हत्या. सुकत घातलेल्या बोंबलांच्या वळणींखालून वाकत, पदर सावरत आल्या आणि आईने दिलेल्या पाटावर बसल्या. म्हणाल्या, "काशीबाई, हिरू फार हुशार आहे. सातवी झाली तर शिक्षिका होईल."

आई म्हणाली, "बाई, हुशार हाय ते मना ठाव हाय. म्हनून तं बाजाराला पायजे. वेंधली असती तं शालंत ठेवली असती."

आईच्या म्हणण्यात खोटं काही नव्हतं. बाबांचा पाय असा, लहान भावंडं दोन, आणि तिची मान दुपारी परत आल्यावर किती वेळ दुखत राही ते आम्ही बघत होतो. बाई म्हणाल्या, "बरं. पण माझं पांघरूण अर्धं आहे. ते सांधणारी दुसरी मुलगी माझ्याकडे नाही. तेवढं पुरं होईपर्यंत तरी तिला शाळेत येऊ द्या."

आई विचारात पडली. अर्ध्यावर टाकलेलं काम तिला बघवत नसे, मग ते जाळं असो की भांडण. शेवटी ती म्हणाली, "ते बरोबर. पांघरून पुरं होय तवर जाऊ दे शालंत. पुरं झालं का दुसऱ्या दिशी टोपली. मंग मना कोनी काय बोलाचं न्हाय." आणि पडवीकडे वळून, "ऐकलाव?" बाबा जाळ्यावरून मान न उचलता म्हणाले, "ऐकला."

आईचा शब्द म्हणजे काय हे कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत होतं. एका घरच्या बाईने एकदा तिचे मासे शिळे म्हटले, तेव्हा 'तुझे दारावरून जानार न्हाय' असं ती बोलून गेली. ते दार तिच्या रोजच्या रस्त्यावर होतं. पुढे सहा वर्षं ती शेताच्या बांधाने वळसा घालून गेली, पण त्या दारावरून गेली नाही. त्यामुळे मला पांघरूण पुरं होईपर्यंत शाळा मिळाली होती आणि पांघरूण पुरं झाल्यावर ती निश्चित जाणार होती.

आता कुणीही शहाणी मुलगी काय करील? हळूहळू विणील. मी काय केलं? मी वेड्यासारखी भराभर विणत सुटले. पाचवीचा वर्ग सुरू झाला, नकाशा पाहिला, समुद्र एवढा मोठा आणि रेवदंडा कुठेच नाही हे पाहून दोन दिवस रागावले. आणि घरी आले की पुस्तक ठेवून सुया हातात. बाई शाबास म्हणत, मुली माझ्या बोटांकडे बघत राहत, आणि मला वाटे, जगात माझ्यासारखी विणणारी मीच. ह्या सुखापुढे टोपली कुठल्या कुठे विसरले. आज साठी उलटून गेल्यावरही कुणी शाबास म्हटलं की मी स्वयंपाकात मीठ दोनदा घालते, तर अकरा-बारा वर्षांच्या पोरीला काय दोष द्यायचा? बाबा शेजारी बसून बघत. एकदा म्हणाले, "हिरू, हात जरा सावकाश." मी म्हटलं, "बाबा, तुमीच तं बोलता, हात चालाला पायजे." ते म्हणाले, "जाल्याला बोलतंय. हे जालं न्हाय." पुढे ते काही बोलणार होते, तेवढ्यात आई बाजारातून आली आणि त्यांनी पुन्हा सुई चालवायला घेतली.

श्रावणात त्रेसष्टावा चौकोन जोडला. नारळी पौर्णिमा जवळ आली होती. बाई म्हणाल्या, घरी नेऊन काठ पुरा कर, धू आणि उद्या आण. मी काठ पुरा केला, रिठ्याच्या पाण्यात पांघरूण तीनदा धुतलं, सुकटीचा वास पार घालवला आणि घरामागे दोरीवर वाळत टाकलं. लख्ख ऊन पडलं होतं. पांघरुणाच्या भोकांमधून पलीकडची खाडी चौकोन-चौकोन दिसत होती. आई सकाळी ते बघून एवढंच म्हणाली, "बेस झालं." आणि खुंटीवरची लहान टोपली काढून, झटकून, दाराशी ठेवून सुकी मासळी घेऊन बाजाराला गेली. ती टोपली बघितली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पण करायचं काय? काम पुरं झालं होतं. मी कळशी घेऊन विहिरीवर गेले आणि तिथे कुणी नाही असं बघून चांगली रडून घेतलं.

त्याच दिवशी बाबांनी साल लावायला काढली होती. सुती दोऱ्याचं जाळं तसंच पाण्यात घातलं तर कुजतं, म्हणून ऐनाच्या झाडाची साल कुटून मोठ्या तांब्याच्या हंड्यात उकळतात आणि त्या तांबड्या काढ्यात जाळी बुडवतात. होड्या पुन्हा दर्यावर जायच्या आधी हे काम व्हावंच लागतं. त्याचा तुरट वास आमच्या सगळ्या वाड्यात भरून राही. मी विहिरीवरून परत आले तर दोरी रिकामी. मी विचारलं, "बाबा, पांघरून कुठं गेलं?"

"हाय की," बाबा म्हणाले, आणि हातातल्या काठीने हंड्यातून काहीतरी वर उचललं. त्यातून तांबडं पाणी निथळत होतं. काठ मी ओळखला. कालच विणला होता.

माझ्या हातातली कळशी पडली. मी जी किंकाळी फोडली तिने अर्धा वाडा गोळा झाला. बाबा शांतपणे म्हणाले, "अगो, रडतंस कं? कोरा दोरा, साल न्हाय लावलेली, एका पावसान कुजला असता. पोराचं पांघरून, भिजनार, मुतनार. आता बग, बाईचे नातवाचे नातू पांघरतील." जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. कुणीतरी म्हणालं, आता हिला दोन मासे पन गावतील. मी बाबांच्या हातून काठी हिसकावली, पांघरूण बाहेर ओढलं, हात भाजले, तरी तसंच विहिरीवर नेलं. रिठे लावले, राख लावली, लिंबं चोळली. बाबा मागून लंगडत आले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "न्हाय जानार बाय. ऐनाची साल हाय ती." हे बोलताना त्यांच्या आवाजात मला थोडा अभिमान वाटला, म्हणून मी आणखीच रडले.

एवढ्यात आई आली. डोक्यावर टोपली तशीच. तिने माझ्या हातातल्या तांबड्या बोळ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "ह्यो काय केलाव?"

"साल लावली," बाबा म्हणाले.

आता आभाळ कोसळणार म्हणून मी डोळे मिटले. पण आई काहीच बोलली नाही. आमच्या पुढे घरात गेली, टोपली उतरवली, तांब्याभर पाणी प्यायली. मग दाराशी ठेवलेली लहान टोपली उचलून परत खुंटीला लावली आणि चूल पेटवायला बसली. मला वाटलं, रागाने बोलवत नसेल.

दुपारी बाबा माझ्याबरोबर बाईंकडे आले. घडी घातलेलं पांघरूण त्यांनी जाळ्यासारखं खांद्यावर टाकलं होतं आणि लंगडत लंगडत ते आख्ख्या बाजारातून चालले. बाईंच्या ओटीवर ते चढले नाहीत, पायरीशी उभे राहिले. बाईंनी पांघरूण उलगडलं. त्यांचा चेहरा असा झाला, की मी कुमुदच्या नाहीतर कुणाच्या तरी मागे लपले असते, पण तिथे कुणी नव्हतं.

"धर्मादादा, हे काय? चार महिने सात मुली खपल्या होत्या! माझी सारा येत्या महिन्यात येते आहे!"

बाबांनी हात जोडले. "चूक झाली, बाई. आमी कोली मानसं. दोरा दिसला, साल लावली. मना काय ठाव?"

"तुम्हाला ठाऊक नाही? पोरगी रोज तुमच्याशेजारी बसून विणत होती ना?"

बाबा खाली बघत राहिले. बाई आता माझ्यावर घसरणार असं मला वाटलं, आणि माझ्याकडे वळल्याही. पण मधेच थांबल्या. हातातल्या पांघरुणाकडे बघितलं, मग बाबांकडे. आवाज एकदम उतरवून त्यांनी विचारलं, "काशीबाई काय म्हणाल्या?"

"काय न्हाय बोलली."

"पांघरूण पुरं झालं, असं म्हणाल्या का?"

"पुरं कसं, बाई?" बाबा म्हणाले. "तुमाला पांढरा पायजे होता. ह्यो तं तांबरा."

बाईंनी पांघरुणाची सावकाश घडी घातली. "म्हणजे पुन्हा विणावं लागेल."

"लागंल, बाई."

"पहिल्या चौकोनापासून."

"पयल्यापासून."

"वेळ लागेल."

"कवरा पन लागू दे," बाबा म्हणाले.

बाई आत गेल्या आणि हलव्याची बशी घेऊन आल्या. पहिली वडी त्यांनी बाबांना दिली. बाबांनी पायरीशी उभ्या उभ्या ती खाल्ली आणि म्हणाले, ग्वार हाय, म्हणजे गोड आहे. मी आपली दोघांकडे आळीपाळीने बघत होते. त्रेसष्ट चौकोन पुन्हा विणायचे, एवढंच माझ्या टाळक्यात शिरलं होतं आणि मला ब्रह्मांड आठवत होतं. घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं, बाई बोलतान परत विनाचं. आई म्हणाली, "मंग विनंल." दुसऱ्या दिवशी मी पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेले.

साराताईला दिवाळीनंतर मुलगी झाली. पांढरं पांघरूण तयार नव्हतं, म्हणून तिला तांबडंच घातलं. ते किती धुतलं, किती उकळलं, तरी फाटलं नाही, उलट मऊ होत गेलं. मुलगी पुढे त्याचा काठ तोंडात घातल्याशिवाय झोपेना, आणि साराताईने ते मुंबईला नेलं. पांढऱ्या पांघरुणाची गोष्ट मात्र वेगळी. ह्या खेपेला मी शहाणी झाले होते. शिवाय बाईंनी मोजमाप बदललं. म्हणाल्या, मूल काय तेवढंच राहणार आहे? सातच्या जागी दहा चौकोन घ्या. मग म्हणाल्या, बारा घ्या. पुढच्या वर्षी म्हणाल्या, पलंगाला पुरेल असं करू. दर पावसाळ्यात पांघरूण वाढे आणि मी एकेक वर्ग पुढे जाई. ज्या महिन्यात मी अलिबागेला सातवीच्या परीक्षेला बसले त्याच महिन्यात ते पुरं झालं. त्याच्याखाली आमचा अर्धा कोळीवाडा झोपला असता. ह्या तीन वर्षांत आईने पांघरूण कुठवर आलं असं एकदाही विचारलं नाही. ती विसरली असावी, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. जी बाई सहा वर्षं बांधावरून वळसा घालते ती विसरेल कशी, हा प्रश्न मला पडला नाही. मुलं आपल्या फायद्याचे प्रश्न तेवढे विचारतात.

पुढे मी शिक्षिका झाले. थळच्या शाळेत लागले. एकदा सुट्टीत माहेरी गेले होते. बाबा थकले होते, पण पडवीत बसून जाळं चालूच होतं. मी शेजारी बसून माझ्या वर्गातल्या पोरींचे चौकोन सांधत होते आणि मनात आलं ते सरळ विचारलं, "बाबा, त्या दिशी खरंच चुकून बुडवलंत का हो?"

बाबांच्या मिशा हलल्या. "जालं पुरं झालं का दर्यान जातं," ते म्हणाले. "तुझं पुरं झालं असतं तं तू बाजारान गेली असतीस. तुना सांगत होतू, सावकाश विन. तू ऐकतंस कं? मंग मी काय करू?"

मला रडू आणि हसू एकदमच आलं. मी त्यांच्या पाया पडले, शेजारणींना हाका मारून बोलावलं, सगळी कथा पहिल्यापासून सांगितली, बाबांचं डोकं बघा म्हटलं. बायका वाहवा करत होत्या. आई दाराशी विळीवर बोयी कापत बसली होती. ती सगळं ऐकत होती. बायका गेल्यावर तिने माझ्याकडे बघितलं. तोवर तिची मान एका बाजूला वळेनाशी झाली होती. बघायचं तर तिला अख्खं अंग वळवावं लागे.

"झालं बापसाचं कौतिक?" ती म्हणाली. "ह्यानी एक पांघरून बुडवलं. टोपली मातर माझेच डोकीवर रवली."

मी म्हटलं, "आये, तुला ठाव होतं?"

"यो मानूस ल्हानपनापासून साल लावतो. दोरीवरचं कापर आनि जालं वलखनार न्हाय काय? विहिरीपाशी बगितलं नि मना कललं. पन पांघरून पुरं झालं असं मी तवा बोलले असते तं माझे शब्दापायी तुझी शाला त्याच दिशी सुटली असती. म्हनून गप रवले." आणि ती पुन्हा विळीकडे वळली.

घटकेपूर्वीच मी ही गोष्ट बाबांची म्हणून साऱ्या शेजारणींना सांगितली होती. मी उठले, तिच्या समोर जाऊन बसले, विळी माझ्याकडे ओढली आणि टोपलीतली एक बोय उचलली. आईने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"ठेव ती. बोट कापशील," ती म्हणाली. "तुना सवय न्हाय."